बंडूजींचं यंत्र कुणी नेलं?

१

डबा रिकामा होता.

राकेश उमाटेने तो उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि आत बोट फिरवलं. स्टीलचा साधा डबा, एरवी ज्यात कुणी शेवया ठेवील असा. खाली फक्त एक प्लास्टिकची पिशवी होती, व्यवस्थित घडी घातलेली.

"इथंच ठेवलं होतं मॅडम, मीच ठेवलं होतं," तो म्हणाला. "बाबांच्या कपाटात, वरच्या फळीवर."

समोर मोहिनी थूल उभी होती. पिपरी मेघेहून स्कूटीवर ती सकाळीच आंजीला पोचली होती. वर्ध्याजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात तिचं काम थोडं निराळं होतं. माणसाच्या शरीरात बसवलेली यंत्रं, म्हणजे खुब्याची वाटी, हृदयाची झडप, छातीतला पेसमेकर, नीट वागतात की नाही यावर तिचा विभाग लक्ष ठेवायचा. एखादं यंत्र बिघडलं तर ते शोधायचं, तपासायला पाठवायचं आणि सरकारला कळवायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या छातीतलं तसंच यंत्र दगा देण्याआधी सापडतं.

बंडूजी उमाटे एसटीचे निवृत्त वाहक होते. त्यांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र बसवलेलं होतं. हृदय भलत्याच वेगाने फडफडू लागलं की ते विजेचा छोटा झटका देऊन त्याला ताळ्यावर आणायचं. मागच्या आठवड्यात बंडूजींचं हृदय तसंच फडफडलं, पण झटका आला नाही. चहाचा कप हातात असतानाच ते गेले.

असं यंत्र चितेवर ठेवता येत नाही, आगीत ते फुटतं. म्हणून डॉक्टरांनी ते आधी काढून राकेशच्या हाती दिलं होतं आणि सांभाळून ठेवायला सांगितलं होतं.

"उद्या दसवं आहे," राकेश म्हणाला. "पहाटेच अस्थी घेऊन कोटेश्वरला नदीवर निघायचं. त्यानंतर शोधलं तर चालंल का?"

मोहिनीने मान हलवली. "नत्थूजींना थांबता येणार नाही."

२

नत्थूजी चाफले म्हणजे बंडूजींचे ड्रायव्हर. वर्धा-आर्वी रस्त्यावर दोघांनी एकाच गाडीवर उभी नोकरी काढली. एक स्टिअरिंगवर, दुसरा दाराशी. निवृत्त झाल्यावर दोघांची हृदयंही जवळपास एकाच सुमारास बिघडली. नागपूरच्या एका दवाखान्यात दोघांच्या छातीत एकाच कंपनीचं, एकाच घडणीचं यंत्र बसलं. आंजीतली माणसं थट्टेने म्हणायची, आता यांची ड्यूटीही एकत्रच लागली.

मोहिनी आधी त्यांच्याकडेच जाऊन आली होती. ते अंगणात चिंचा फोडत बसले होते.

"नत्थूजी, चक्कर येते का?" तिने विचारलं.

"शक्कर? हाये ना, शक्कर लय वर्षाची हाये."

"चक्कर, चक्कर."

"हां. येते कधी कधी. तू जरा मोठ्यानं बोलत जाय पोरी. जुन्या गाडीचं इंजिन बाजूलेच राहे. कान त्यानंच खाल्ले."

त्यांच्या यंत्राची तपासणी झाली होती आणि बॅटरी भरपूर असल्याचं दिसत होतं. पण बंडूजींच्या शेवटच्या तपासणीतही अगदी हेच दिसलं होतं. तेव्हा यंत्राच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हाच खरा प्रश्न होता. नत्थूजींची छाती पुन्हा उघडायची तर त्यांची साखर आणि वय पाहता जंतू शिरण्याची भीती मोठी. डॉक्टर म्हणाले होते, "नुसत्या संशयावर मी सुरी लावणार नाही. बंडूजींचं यंत्र उघडून त्यात दोष दिसला, तर त्याच दिवशी लावीन."

म्हणून ते यंत्र हवं होतं. ते सापडलं नाही तर नत्थूजींनी रोज सकाळी उठून आपलं हृदय आज कसं वागतंय, एवढंच बघत बसायचं.

निघताना नत्थूजींनी मोहिनीचा हात धरला होता. "एक कर. बंडूच्या बायकोले, कमलावयनीले, माह्यं सांगू नको. आत्ताच एक गेला तिचा. मी भाऊ हावो तिचा, दरवर्षी राखी बांधते. तिले आनखीन कायचा घोर लावतं?"

मोहिनीने कबूल केलं होतं. त्या क्षणी ते बरोबरच वाटलं होतं.

३

"मी सांगतो कुणी नेलं," राकेश घराच्या ओट्यावर बसत म्हणाला. "तो धीरज. कंपनीचा माणूस."

धीरज नागपूरहून आला होता, सफरचंदं घेऊन, भेटायला म्हणून. बंडूजी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला होता. यंत्र आमच्याकडे द्या, आम्ही तपासतो, असं त्याचं म्हणणं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"दसव्यानंतर घेऊन जा म्हटलं. मले काय मालूम होतं मॅडम, तुमचं खातं असते म्हणून."

मोहिनीने तिथूनच धीरजला फोन लावला. त्याचा आवाज आधी गोड होता, मग जरा घट्ट झाला. "मॅडम, मी घरात गेलो, चहा घेतला, बाहेर आलो. कपाट कोणतं तेही मला माहीत नाही. यंत्र मला हवंय हे खरं आहे. हरवलं असेल तर माझीच नोकरी धोक्यात आहे."

तेवढ्यात राकेशची बायको सरिता पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या ठेवून ती तिथेच घुटमळली.

"सरिता, बसता का जरा?" मोहिनी म्हणाली.

ती बसली नाही. खांबाला टेकून उभी राहिली.

"मॅडम, ते यंत्र बंद पडण्याआधी काही इशारा देते का?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

मोहिनीने तिच्याकडे नीट पाहिलं. "देतं. बॅटरी संपत आली की रोज सकाळी एकदा बारीक आवाज करतं. का विचारलं?"

सरिताने डोळे मिटले. "मंग इन्व्हर्टर कधी बिघडलाच नव्हता," ती म्हणाली.

४

सरिताने जे सांगितलं ते सरळ होतं, पण ऐकायला अवघड होतं.

बंडूजी जाण्याच्या काही दिवस आधी घरात सकाळी बारीक आवाज यायला लागला. उन्हाळ्याचे दिवस, वीज जायची, आणि इन्व्हर्टरही असाच कण्हतो हे सगळ्यांना माहीत. सरिताने मिस्त्रीला बोलावलं. त्याने पाणी भरलं. आवाज थांबला नाही, तेव्हा नवी बॅटरी बसवली. तरीही आवाज येतच राहिला. तिने मिस्त्रीला फोनवर चांगलं झापलं. बंडूजी खुर्चीवर बसून हसत होते. म्हणाले, "बाई, बिचाऱ्याले काऊन बोलतं? मशीनच ती, थकत असंन."

"आवाज त्यांच्याच अंगातून येऊन राह्यला होता," सरिता म्हणाली. "मी मिस्त्रीशी भांडत बसली."

"तुम्हाला तो आवाज कधी कुणी ऐकवला होता का? यंत्र बसवलं तेव्हा?"

"एक इंग्रजी पुस्तक देलं होतं. बस."

"तर मग चूक तुमची नाही. ऐकवायला हवा होता. घरातल्या प्रत्येकाला." मोहिनी तिच्याजवळ सरकली. "आता नीट आठवून सांगा. बाबा गेल्यावर आवाज थांबला?"

"नाई ना. म्हणून तर मले इन्व्हर्टरच वाटला. ते गेल्यावरबी सकाळी आला." ती आठवू लागली. "राख सावडायचा दिवस होता, त्या सकाळी आला होता. त्यानंतर नाई आला."

"आणि धीरज कधी आला?"

"राख सावडल्याच्या दुसऱ्या दिवशी."

मोहिनीने बोटांवर दिवस मोजले. इथे आपणही तिच्यासोबत क्षणभर थांबून विचार करू. घरात आवाज होता, तोवर यंत्र घरात होतं. आवाज गेला, म्हणजे यंत्र गेलं. ते राख सावडण्याच्या दिवशी गेलं आणि धीरज त्यानंतर आला. म्हणजे त्याने नेलं नाही. सरिताला आजवर आवाज इन्व्हर्टरचाच वाटत होता, तेव्हा कपाटात काय बोलतंय हे तिला ठाऊकच नव्हतं. राकेशला यंत्र लपवायचं असतं तर त्याने धीरजला नंतर या असं सांगितलं नसतं, आणि आज मोहिनीसमोर स्वतःच्या हाताने डबाही उघडला नसता.

मग तो डबा. मोहिनीने तो पुन्हा हातात घेतला. दवाखान्यातून आणलेल्या पिशवीत थोडं तरी रक्त असतंच. ही पिशवी मात्र धुतलेली होती. डबाही घासलेला होता, राखेने घासतात तसा, आतून लख्ख. चोर डबा घासून ठेवत नाही. ज्याला त्या वस्तूची माया आहे, तोच असं करतो.

"कपाट ज्या खोलीत आहे, तिथे कोण झोपतं?" तिने विचारलं.

राकेश आणि सरिता दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं.

"आई," राकेश म्हणाला.

५

कमलाबाई मागच्या दारी तांदूळ निवडत होत्या. मोहिनी शेजारी जाऊन बसली आणि सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. बराच वेळ दोघी तशाच निवडत राहिल्या.

"काकू, तो आवाज पहिल्यांदा कपाटातून आला तेव्हा तुम्ही घाबरला होता का?"

कमलाबाईंचा हात थांबला. वर न पाहता त्या म्हणाल्या, "घाबरन कायले? ओळखीचा होता."

"ओळखीचा?"

"तुले काय मालूम पोरी. कंडक्टर एकडाव घंटी मारते तवा गाडी थांबवा. दोनडाव मारते तवा गाडी सोडा. माह्यं लग्न झालं तवा मी याहीच्याच गाडीत बसून इथं आली. माह्या कानात तेच बसलं." त्यांनी तांदळातून बोटं फिरवली. "त्या डब्यात दोनडाव वाजलं. मंग थांबलं. मंग पुन्हा दोनडाव. माणूस गेला, अन् त्याची घंटी कपाटात कोंडून ठेवली होती माह्या पोरानं."

"म्हणून तुम्ही ते बाहेर काढलं?"

कमलाबाई लगेच सावध झाल्या. चेहरा बंद झाला. "मी काई काढलं नाई."

"काकू."

"कंपनीवाले नेतीन म्हणे ते. मी राकेशले विचारलं, नेऊन काय करतीन? तर म्हणे, काय करतीन, लावतीन दुसऱ्याच्या छातीत. असं सहज म्हणे, जसं सायकलचं चाक हाये." त्यांनी एक खडा दूर भिरकावला. "इतके वर्ष त्याहीच्या काळजापाशी होतं. ते असं उपटून कोणाले द्यायचं? मी नाई सांगत. तुमी कितीबी विचारा."

मोहिनीच्या लक्षात आलं की कोडं सुटलं आहे आणि तरी हाती काहीच आलेलं नाही. यंत्र का हवं आहे हे या बाईला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मुलाने कंपनीचं अर्धंमुर्धं सांगितलं होतं, डॉक्टरांनी मुलाला सांगितलं होतं, आणि उरलेलं, खरं महत्त्वाचं, नत्थूजींनी मायेने दडवायला लावलं होतं. शब्द तर मोहिनीनेच दिला होता.

ती उठली. स्कूटी काढली आणि थेट नत्थूजींच्या अंगणात गेली.

"चला. वहिनींना तुम्हीच सांगायचं आहे," ती त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली.

"मी म्हटलं होतं ना तुले, नको म्हणून?"

"म्हणूनच मी सांगितलं नाही. पण त्यांना कळलं नाही तर यंत्र मिळणार नाही. उद्या पहाटे ते नदीत जाणार आहे, असा मला दाट संशय आहे."

नत्थूजी उठले. टोपी घालून स्कूटीवर मागे बसले.

६

ते मागच्या दारी आले आणि उभ्यानेच, बहिऱ्या माणसाच्या आवाजात, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "वयनी, माह्याबी छातीत तेच मशीन हाये. बंडूचं ज्यानं बंद पडलं त्यानं माह्यंबी पडू शकते. डॉक्टर म्हणते, बंडूचं उघडून पाहू तवाच माह्यं बदलू. बस एवढंच हाये."

कमलाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"कवापासून मालूम हाये तुले?"

"काय?"

"कवापासून मालूम हाये म्हणते, बहिऱ्या."

"बंडू गेला तवापासून."

"अन् रोज येऊन माह्याजवळ बसून राह्यला, चहा पिऊन राह्यला, अन् सांगतलं नाई?" त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मग त्याच पदराने त्यांच्या दंडावर एक चापट मारली. "एवढा म्हातारा झाला, पण अक्कल आली नाई. मी काय लहान लेकरू हावो? मले सांगतलं असतं तर मी ते बाभळीले टांगू देलं असतं का?"

ओट्यावर उभा राकेश चमकला. "बाभळीले?"

आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. राख सावडली की गाडग्यात भरून, तोंड बांधून, गावाबाहेर झाडाला टांगतात, नदीवर नेईपर्यंत. त्या दिवशी बंडूजींच्या आवडीच्या वस्तूंचं एक पुडकं गाडग्यात ठेवायला कमलाबाईंनी दिलं होतं. वरून पाहिलं तर तंबाखूची डबी आणि सुपारी. ते पुडकं स्मशानात घेऊन गेले होते नत्थूजी, आणि गाडग्यात ठेवलंही त्यांनीच. मित्राच्या वस्तूंना आपल्या हाताने निरोप द्यावा, म्हणून.

"मी नेलं?" नत्थूजींना हे दोनदा ओरडून सांगावं लागलं. "म्या सोताच?"

ऊन उतरत होतं. बायका एरवी स्मशानाच्या वाटेने जात नाहीत. कमलाबाई गेल्या. चपला घालून पुढे चालू लागल्या आणि कुणाचीही त्यांना अडवायची हिंमत झाली नाही. राकेश बाभळीवर चढला, काटे लागले, गाडगं हळू खाली उतरवलं. कमलाबाईंनी तोंडाचं कापड सोडलं आणि आत हात घातला. खाकी कापडाचा एक तुकडा बाहेर आला. बंडूजींच्या वाहकाच्या शर्टाचा खिसा होता तो, टाके घालून बंद केलेला.

"मी त्याले अंघोळ घातली होती," त्या मोहिनीला म्हणाल्या. "पाण्यानं बिघडलं नसंन ना?"

"नाही काकू. ते छातीतच राहायला बनवलेलं आहे. पाण्याचं त्याला काही नाही."

कमलाबाईंनी खिसा दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि मग मोहिनीच्या ओंजळीत ठेवला.

"कंपनीवाल्याले नको देऊ."

"त्यांना एकट्यांना देणार नाही. आमच्यासमोर उघडायचं. सरकारी माणूसही असेल."

"अन् दुसऱ्याले लावतीन?"

"नाही. हे कुणालाच लावणार नाहीत. कुणाला लावू नये, हे कळावं म्हणूनच नेतेय."

७

यंत्र उघडलं तेव्हा त्याच्या बॅटरीत घडणीचाच दोष निघाला. आतल्या आत वीज गळत होती आणि यंत्राला स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता. भरपूर बॅटरी आहे, असंच ते सांगत राहायचं, अगदी शेवटच्या काही दिवसांपर्यंत. अहवाल दिल्लीला औषध नियंत्रकांकडे गेला. त्या घडणीची यंत्रं विकणं थांबलं आणि ज्यांच्या छातीत ती आधीच बसली आहेत त्यांना शोधून कळवायचं ठरलं. धीरजने स्वतः नागपुरातून पत्ते जुळवायला मदत केली, हेही सांगायला हवं.

नत्थूजींची छाती उघडली, जुनं यंत्र काढलं, नवं बसवलं. जखम वेळेवर भरली. त्यांना भेटायला कमलाबाई वर्ध्याला आल्या तेव्हा त्यांच्या पलंगाशी बसून त्यांनी आधी डबा उघडला आणि मुगाची खिचडी ताटात वाढली.

"दसवं झालं?" नत्थूजींनी विचारलं.

"दसवं झालं. अस्थी राहिल्या हायेत."

"काऊन?"

"तू उठशीन तवा नेऊ. भाऊ घरी नसताना मी कोणाच्या आधारानं जाऊ नदीवर?"

नत्थूजींना पहिल्यांदाच सगळं नीट ऐकू आलं असावं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि बराच वेळ खिचडीला हात लावला नाही. मग कमलाबाईंनीच घास केला.

बाहेरच्या व्हरांड्यात मोहिनी पुढच्या माणसाला फोन लावत होती. हिंगणघाट बाजूचं कुठलंसं गाव. छातीत तेच यंत्र. फोन एका म्हाताऱ्या बाईने उचलला.

"पोरगा घरी नाई बाई. मालकाचं सगळं त्यालेच समजते. संध्याकाळी करजा."

"त्यालाही सांगीन," मोहिनी म्हणाली. "पण आधी तुमच्याशीच बोलायचं आहे, काकू. बसल्या का खाली? घाई नाही. मी हळूहळू सांगते, आणि कळलं नाही तिथे मला थांबवा."